अखंड चालणाऱ्या यंत्राची रोजनिशी

खोपोलीच्या वीजघराची हकीगत पुष्कळांना ठाऊक आहे. लोणावळें, वळवण आणि शिरवतें येथल्या तलावांचें पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून लोखंडी नळांतून सुमारें सतराशें फूट खालीं उतरतें, चक्रांच्या पात्यांवर आदळतें, आणि वीज निर्माण करून पाताळगंगेच्या पात्रांत शांतपणें निघून जातें. खालापूर तालुक्यांतील हें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें. पुढें १९२२ सालीं शेजारच्या कर्जत तालुक्यांत भिवपुरीचें वीजघर चालू झालें; त्याला पाणी मिळतें तें ठोकरवाडीच्या धरणांतून. मुंबईच्या गिरण्या आणि नंतर तेथले घरोघरचे दिवे या डोंगरपायथ्यावरून आलेल्या तारांवर चालले. हें सर्व आपण अनेकदां ऐकलेलें असेल. मला आज बोलावयाचें आहे तें अशा ठिकाणीं मेजावर पडून राहणाऱ्या एका कागदाविषयीं.

वीजघरांत पाळीवर असलेला माणूस दर तासाला एक फेरी घालीत असे. तलावाची पातळी, नळांतील पाण्याचा दाब, यंत्रावरील भार, विजेचा दाब, बेअरिंगांची उष्णता हे आंकडे तो आंखलेल्या कागदावर त्या त्या तासाच्या रकान्यांत भरी. याला तेथलीं माणसें लॉगशीट म्हणतात. याशिवाय एक वही असे. तींत अमुक वाजतां अमुक यंत्र बंद केलें, तें अमुकाच्या हुकुमावरून व अमुक कारणासाठीं, अशा घटना लिहिलेल्या असत. पाळी बदलतांना देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही. तासाचा कागद आणि घटनांची वही या दोहोंची गल्लत कोणी करीत नसे. कागदावरील बहुतेक आंकडे पुन्हां कोणी वाचणार नसतो. वहींतील ओळ मात्र पुढच्या पाळीच्या माणसानें वाचलीच पाहिजे. आतां यांतलें पुष्कळसें काम संगणकाकडे गेलें आहे, पण ही वांटणी तशीच राहिली आहे.

जुन्या यंत्रशाळांत आणखी एक उपकरण असे. घड्याळाच्या तबकडीएवढा गोल कागद चोवीस तासांत एक फेरा पुरा करी, आणि त्यावर एक बारीक लेखणी दाबाची किंवा उष्णतेची रेघ ओढीत राही. रोज सकाळीं ठराविक वेळीं कालचा कागद काढून, त्यावर तारीख घालून, नवा कागद चढवावयाचा एवढेंच काम. परंतु एखादे दिवशीं तें राहून गेलें तर? लेखणी कांहीं थांबत नाहीं. ती कालच्याच रेघेवर आजची रेघ ओढीत जाते. आणि दोन दिवसांनंतर त्या कागदावर शाई पुष्कळ असते, पण माहिती कांहींच नसते. कालची रेघ कोणती आणि आजची कोणती हें ब्रह्मदेवालाहि सांगतां यावयाचें नाहीं.

कर्जत स्थानकावर हीच गोष्ट निराळ्या रूपांत आढळते. बोरघाटाचा चढ सदतीस फुटांस एक फूट असा कडक आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना येथें मागून ढकलणारीं इंजिनें लावावीं लागतात. (घाटांतला लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. त्यापूर्वीं १८५६ पासून आगगाडी खोपोलीपर्यंतच येई आणि पुढें उतारूंना पालखींतून किंवा तट्टावरून घाट चढावा लागे.) गाडी केव्हां आली, पुढच्या ठाण्यानें वाट मोकळी असल्याचें केव्हां कळविलें, गाडी केव्हां सुटली, हें सर्व वेळेसह नोंदवहींत चढतें. आतां पाहा, स्थानक कधीं बंद होत नाहीं, पण वहीचीं पानें संपतात. तेव्हां स्थानकमास्तर काय करतो? शेवटच्या ओळीखालीं रेघ ओढून, नवी वही उघडतो आणि जुनी कपाटांत ठेवतो. स्थानक बंद होईल त्या दिवशीं वही मिटूं, असें म्हणणारा मास्तर अजून जन्माला यावयाचा आहे.

मेनफ्रेम नांवाच्या यंत्राच्या बाबतींत मात्र नेमकें असेंच म्हणण्याची चाल कांहीं काळ होती, आणि बेसावध माणसाच्या हातून ती आजहि पडते.

मेनफ्रेम हा शब्द आपल्या घरांत फारसा ऐकूं येत नाहीं. मोठमोठ्या बँका, विमा-मंडळ्या, विमानकंपन्या यांचे हिशेब जगांत पुष्कळ ठिकाणीं अजूनहि ज्या भक्कम मध्यवर्ती संगणकावर चालतात, त्याला मेनफ्रेम म्हणतात. आय बी एम कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं सिस्टिम ३६० नांवाचीं यंत्रें जाहीर केलीं; त्यांचे वंशज आजहि कामावर आहेत. त्याच वर्षीं आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत सीडीसी ३६०० हें दुसऱ्या कंपनीचें मोठें यंत्र आलें होतें, आणि देशांतील निरनिराळ्या विद्यापीठांतले संशोधक आपापलीं गणितें भोकें पाडलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यांवर मांडून तेथें सोडवून घेत. हल्लीं मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून बसून परदेशांतल्या मेनफ्रेमांची राखण करणारे तरुण पुष्कळ आहेत. कर्जतहून पहांटेच्या लोकलनें निघणाऱ्या किंवा मध्यरात्रीनंतर परतणाऱ्या मंडळींत त्यांतले कांहीं सहज सांपडतील.

त्या पत्त्यांच्या काळची पद्धत समजली म्हणजे पुढची अडचण आपोआप उलगडते. एक गठ्ठा म्हणजे एक काम. काम सुरू होई, कांहीं मिनिटें किंवा फार तर कांहीं तास चाले, संपे. आणि मग त्याचें उत्तर व त्याची हकीगत, म्हणजे केव्हां सुरू झालें, कोणतीं टेपें मागितलीं, कोठें अडलें, अशी सर्व कागदावर छापून बाहेर येई. परंतु छापण्याचें यंत्र फार मंद आणि संगणक फार चपळ. संगणकाला छपाईच्या तालावर चालविणें म्हणजे घोड्याला बैलगाडीच्या मागें बांधणें होय. म्हणून असें ठरलें कीं, छापावयाचा मजकूर आधीं एका तबकडीवर सांठवावा आणि छापणाऱ्यानें तो सवडीनें तेथून उचलावा. या सांठवणीच्या जागेला स्पूल म्हणतात. गिरणीचा परिचय असलेल्यांना हा शब्द नवा नाहीं; सूत गुंडाळावयाची जी फिरकी, तीच ही. १९६० नंतरच्या दशकांत ह्यूस्टन येथें अमेरिकेच्या अंतराळ-संस्थेसाठीं काम करणाऱ्या आय बी एम च्या मंडळींनीं ही सांठवण सांभाळणारा हास्प नांवाचा एक कारभारी कार्यक्रम रचला. आज मेनफ्रेमवर जेस या नांवानें जो कारभारी बसलेला असतो, तो त्याच घराण्यांतला.

या कारभाऱ्याचा मूळचा नियम साधा होता. काम पुरें होईपर्यंत त्याचे कागद हलवावयाचे नाहींत. काम चालू असतां अर्धामुर्धा मजकूर कोणाच्या हातीं देणें म्हणजे गैरसमजाला निमंत्रण. तेव्हां नियम शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. तासाभराच्या कामाला तो शोभतो. परंतु पुढें कामांची जातच बदलली. बँकेच्या खिडक्यांवरून येणारे व्यवहार घेणारा कार्यक्रम, माहितीचा सांठा सांभाळणारा कार्यक्रम, दूरच्या शाखांशीं बोलणारा कार्यक्रम, हे सकाळीं सुरू होऊन सायंकाळीं संपणारे नव्हेत. यंत्र सुरू झालें कीं तेहि सुरू होतात, आणि आठवडेच्या आठवडे, क्वचित् महिनेच्या महिने चालू राहतात. ते खोपोलीच्या चक्रासारखे आहेत. अशा कार्यक्रमानें दर मिनिटाला दोन-चार ओळी लिहावयाचें म्हटलें तरी त्या ओळी सोडावयाच्या केव्हां? नियमाप्रमाणें काम संपेल तेव्हां. आणि काम तर संपूंच नये अशी सर्वांची इच्छा!

मग ती फिरकी फुगत जाते. स्पूल ही सर्वांची सामाईक जागा. ती एकानें अडविली कीं बाकीच्यांना उरत नाहीं. ठराविक भाग भरला, बहुधा शेंकडा ऐशीं, म्हणजे कारभारी देखरेखवाल्याच्या पडद्यावर इशारा देतो. तो इशारा कोणी मनावर घेतला नाहीं आणि जागा खरोखरच संपली, तर ज्या ज्या कामाला एक ओळ लिहावयाची आहे तें तें काम जागच्या जागीं थांबून राहतें. म्हणजे यंत्र बिघडलें नाहीं, हिशेब चुकला नाहीं, वीज गेली नाहीं. केवळ रोजनिशींत जागा उरली नाहीं म्हणून सारी पेढी बंद पडते.

हें मी पुस्तकांतून सांगत नाहीं. एका मोठ्या व्यापारी कचेरीच्या अशा यंत्रावर मी कांहीं वर्षें रात्रपाळीला होतों. खिडक्यांवरील व्यवहार घेणारा कार्यक्रम तेव्हां कित्येक आठवडे सलग चालू होता. त्याची रोजनिशी दर मध्यरात्रीं तोडून बाजूला काढण्याची योजना मींच केली होती, आणि त्याबद्दल थोडी शाबासकीहि घेतली होती. मला एक गोष्ट माहीत नव्हती. कारभारी जी रोजनिशी लिहितो ती निराळी, आणि कार्यक्रम स्वतःच्या हातानें जें छापीत असतो तें निराळें. माझी योजना पहिलीलाच लागू होती. त्या कार्यक्रमाच्या कर्त्यानें प्रत्येक व्यवहारामागें एक ओळ छापावयाची सोय करून ठेवली होती; ती ओळ-ओळ पहिल्या दिवसापासून तशीच गुंडाळली जात होती. महिनाअखेरची रात्र आली. शेंकडा ऐशींचा इशारा मीं पाहिला. महिनाअखेरीस कागद पुष्कळ निघतात, त्याचा हा परिणाम असावा, असें समजून मीं कांहीं जुने अहवाल पुसून टाकले आणि चहा घेतला. पहांटे जागा संपली. जो कार्यक्रम कधीं बंद करूं नये म्हणून आम्ही जपत होतों तोच हातानें बंद करावा लागला. तो थांबतांच त्याचे सांठलेले कागद सुटे झाले, आणि यंत्र चालू करण्याच्या घाईंत मीं ते सगळेच्या सगळे पुसले. दुसरे दिवशीं एका ग्राहकाचा व्यवहार दोनदां कसा पडला याची चौकशी आली. ती ओळ त्या कागदांत होती.

वर सांगितलेल्या गोल कागदाची आठवण मला तेव्हां झाली नाहीं. ती पुष्कळ वर्षांनंतर झाली.

उपाय आहे, आणि तो स्थानकमास्तरच्या रेघेइतकाच सोपा आहे. चालू कामाची रोजनिशी मध्येंच तोडून, तोडलेला भाग स्वतंत्र कागद म्हणून सोडावयाचा आणि काम नव्या कागदावर लिहीत राहावयाचें. याला त्या धंद्यांत स्पिन करणें म्हणतात. तोडण्याची वेळ घड्याळावरून ठरवितां येते, म्हणजे दर मध्यरात्रीं किंवा दर अमुक तासांनीं. किंवा ओळींच्या संख्येवरूनहि ठरवितां येते, म्हणजे इतक्या हजार ओळी झाल्या कीं तोडा. देखरेखवाल्याला मनांत येईल तेव्हां हुकूम देऊनहि तोडतां येतें. माझें मत विचाराल तर दोन्ही हिशेब लावावेत. शांत दिवसांत घड्याळ बरें, कारण 'मंगळवारचा कागद काढा' असें म्हणतां येतें. परंतु बिघाडाच्या दिवशीं एखादा कार्यक्रम एकच तक्रार सेकंदाला शंभर वेळां लिहूं लागतो. त्या दिवशीं मध्यरात्रीची वाट पाहणें परवडत नाहीं.

आणि कार्यक्रम स्वतः जें छापतो त्याची सोय वेगळी केली पाहिजे. कांहीं पानें भरतांच तेवढा तुकडा सुटा व्हावा असें आधींच सांगून ठेवतां येतें. किंवा कर्त्यानेंच कार्यक्रमांत अशी तजवीज करावी कीं ठराविक वेळानें छापील कागद मिटून नवा उघडला जाईल. हें दुसरें अधिक चांगलें, पण त्यासाठीं कर्ता जागेवर हवा, आणि वीस-वीस वर्षांपूर्वींच्या कार्यक्रमांचे कर्ते निवृत्त होऊन पेन्शन घेत असतात.

ओळींना मर्यादा घालणें हा एक प्रकार पुष्कळांना फार आवडतो. मर्यादा ओलांडली कीं कारभाऱ्यानें केवळ सूचना द्यावी, कीं काम तोडून टाकावें, हें ठरवितां येतें. अल्पकालीन कामाला तोडण्याचा हुकूम ठीक आहे. चुकून वेड्यासारखें लिहीत सुटलेलें काम त्यानें आटोक्यांत येतें. पण जो कार्यक्रम महिनेच्या महिने चालावयाचा त्याला असा हुकूम लावणें म्हणजे वही भरली म्हणून स्थानकाला कुलूप ठोकणें आहे. तो आज ना उद्यां मर्यादा ओलांडणारच.

याहून घातक मोह म्हणजे लिहिणेंच बंद करणें. तशीहि सोय आहे. रोजनिशी मुळींच नको असें एका शब्दांत सांगतां येतें. जागेची चिंता मिटते खरी. परंतु येथें एक बारीक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. देखरेखवाल्याच्या पडद्यावर दर मिनिटाला शेंकडों ओळी धांवूं लागल्या, तर त्यांतली महत्त्वाची ओळ त्याला दिसणार नाहीं. म्हणून निरुपद्रवी ओळी पडद्यावर येऊंच नयेत, अशी व्यवस्था मेनफ्रेमवर फार पूर्वींपासून आहे. त्या ओळी पडद्यावर येत नाहींत, पण यंत्राच्या सर्वसाधारण रोजनिशींत मात्र उतरतात. डोळ्यांपासून लपवावें, वहीपासून लपवूं नये, असा हा विवेक. लॉगशीट आणि घटनांची वही यांतला जुना भेदच येथें कामाला येतो.

नोंद ठेवणारें यंत्र स्वतःच मुकें झालें तर काय होतें, याचें उदाहरण वीजधंद्यांतलेंच आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा आँटेरिओ प्रांत यांतील सुमारें पांच कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशीं दुपारीं दोन वाजून चौदा मिनिटांनंतर ओहायो राज्यांतील एका वीज कंपनीच्या नियंत्रण-खोलींत धोक्याच्या सूचना देणारा व त्यांची नोंद करणारा कार्यक्रम मुकाट्यानें अडकून बसला. घंटा वाजली नाहीं, पडदा काळा झाला नाहीं. सूचना तेवढ्या येईनाशा झाल्या. येणाऱ्या घटना रांगेंत तुंबत गेल्या, त्या तुंबाऱ्यानें दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनीं तो संगणक कोसळला, काम राखीव संगणकाकडे गेलें आणि तेरा मिनिटांनीं तोहि कोसळला. मधल्या काळांत उच्च दाबाच्या तारा झाडांना लागून एकामागून एक तुटक होत होत्या, आणि खोलींतलीं माणसें सर्व आलबेल आहे असें समजून बसलीं होतीं. सूचना आली नाहीं याचा अर्थ संकट आलें नाहीं असा त्यांनीं घेतला. आपण कोणीहि तोच घेतला असता. चार वाजून गेल्यावर कांहीं मिनिटांत सगळें जाळें ढांसळलें.

पुढें चौकशी करणाऱ्यांना आणखी एक अडचण आली. निरनिराळ्या केंद्रांवरील पुष्कळ नोंदींचीं घड्याळें एकमेकांशीं जुळत नव्हतीं. कोणती तार आधीं गेली व कोणती नंतर, हें ठरविण्यासाठीं हजारों नोंदी ताळ्यावर आणाव्या लागल्या.

घड्याळांचा हा घोळ मुंबईकरांना परका वाटूं नये. हिंदुस्थानची प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहरानें एकोणचाळीस मिनिटें मागें असणारी आपली मुंबई-वेळ १९५५ पर्यंत सर्वस्वीं सोडली नव्हती. आगगाडी एका वेळेनें आणि गांवांतला घंटाघर दुसऱ्या वेळेनें, अशा काळांत 'दहा वाजतां' या शब्दांना एकच अर्थ नव्हता. मुंबईंत बसून अमेरिकेंतलें यंत्र सांभाळणाऱ्यालाहि तो नसतो. शिवाय तेथें नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारीं उत्तररात्रीं दोन वाजतां घड्याळ मागें फिरवून पुन्हां एक वाजवितात. स्थानिक वेळेनें लिहिलेल्या रोजनिशींत त्या रात्रीं एक ते दोन हा तास दोनदां येतो, आणि एक वाजून वीस मिनिटांनीं झालेली घटना पहिल्या तासांतली कीं दुसऱ्या, हें त्या कागदावरून कळत नाहीं. म्हणून यंत्राचें आंतलें घड्याळ ग्रीनिच वेळेनें चालतें, आणि जाणते लोक चौकशीसाठीं तीच वेळ धरतात.

तोडून सुट्या केलेल्या कागदांचें पुढें काय? मेनफ्रेमवर यासाठीं पिढ्यांची पद्धत आहे. एका नांवाखालीं अमुक इतक्या पिढ्या राखावयाच्या असें ठरवितात. नवी जन्मली कीं सर्वांत जुनी निघून जाते. तीस पिढ्या म्हणजे रोज एक याप्रमाणें एक महिना. परंतु ओळींच्या संख्येवरून तोडण्याचा नियम लावला असेल, तर बिघाडाच्या दिवशीं एकाच दिवसांत तीस पिढ्या जन्मतात, आणि ज्या तासांत बिघाड सुरू झाला तोच तास पुसला जातो. मीं वर दोन्ही हिशेब लावण्याची शिफारस केली, तिच्यांतला हा खळगा आहे. यासाठीं सुटा झालेला तुकडा आधीं टेपेवर किंवा दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यावा, उतरला याची खातरजमा करावी, आणि मगच स्पूलवरचा पुसावा. घाईची रात्र असली तरी हा क्रम उलटा करूं नये; माझ्या हातून उलटा झाला होता.

जातां जातां त्या आंतल्या घड्याळाविषयीं. मेनफ्रेमचें हें घड्याळ १ जानेवारी १९०० या दिवसापासूनचा काळ मोजीत असतें आणि तो चौसष्ट स्थानांच्या एका संख्येंत मांडतें. ती संख्या १७ सप्टेंबर २०४२ रोजीं मध्यरात्रीच्या सुमारास भरेल आणि घड्याळ पुन्हां शून्यावर येईल. यंत्र करणाऱ्यांनीं डाव्या बाजूस आठ स्थानें वाढवून ठेवलेलीं आहेत. जुन्या कार्यक्रमांना मात्र तीं पाहावयास शिकवावें लागेल, आणि त्यांचे कर्ते, वर म्हटल्याप्रमाणें, पेन्शनींत आहेत.